उतरायची जागा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सायकलच्या चेनला तेल घालणं. मी सायकल स्टँडवर चढवून हातानं पायडल फिरवत होतो आणि सोजर, माझी बायको, बाटलीतून थेंब थेंब तेल सोडत होती. गोडेतेल. स्वयंपाकातलं. मी म्हणालो, "अगं, ह्या तेलाला धूळ चिकटते. चेन खाऊन टाकील ती." ती म्हणाली, "जल्मभर ह्याच तेलातलं खाताय, तुम्हाला कुठं काय चिकटलं? फिरवा गुमान." मी फिरवलं. चेनची कुरकुर थांबली. उरलेल्या तेलाच्या बाटलीला तिनं बूच लावलं आणि बाटली पिशवीत टाकली, कारण कालव्यावरच्या आसरांना त्यातलंच घालायचं होतं. फोडणीला, चेनला आणि देवाला एकच बाटली. तिचा कारभार असा होता. मग ती मागं कॅरेजवर बसली, माझ्या पाठीत बोट खुपसलं, म्हणजे निघा, आणि आम्ही निघालो.

आज कालव्याला परत पाणी सुटलंय.

धरणातून उन्हाळ्याचं पाणी सोडतात त्याला साहेब लोक आवर्तन म्हणतात. शब्द ऐकायला गोड आहे. पाणी गोड येत नाही, मारामारी करत येतं. आधी कालवा ठणठणीत कोरडा असतो, तळाचा चिखल वाळून त्याच्या खपल्या निघालेल्या असतात. मग एका सकाळी वरच्या अंगानं घरघर ऐकू येते आणि पाण्याचं तोंड दिसतं. पाणी कसलं, काळा फेस. पुण्यानं वर्षभर टाकलेलं सगळं पुढं ढकलत येतं. थर्माकोल, चपला, फाटक्या गाद्या, देव्हाऱ्यातले फुटके फोटो, फुगलेलं कुत्रं. वाटेखालच्या दगडी मोरीच्या तोंडाशी ते सगळं अडकतं. पाणी मागून धडका मारतं. कुत्रं घटकाभर मागच्या पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं आणि फाटकन आत ओढलं जातं. वास असा, की नाकाला धोतर लावावं तर धोतराला वास लागतो. चार दिवसांनी पाणी निवळतं, उंबराची सावली त्यात पडायला लागते, आणि मग लोक फोटो काढतात आणि म्हणतात, किती शांत आहे इथं. शांत! ह्यांनी पहिल्या दिवशी यावं.

मी उंबराखाली दगडावर बसून पाण्याचं तोंड यायची वाट बघत होतो, तेवढ्यात सायकलवाले आले. शनिवारी येतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्याला टोपी, टोपीला भोकं, डोळ्यांना काळा चष्मा. सगळी कंपनीतली पोरं-पोरी. खराडी, मगरपट्टा, कुणी पार हिंजवडीकडचं. हडपसरहून कालव्याची मातीची वाट धरतात आणि लोणीपर्यंत जातात. लांबून नुसता खडीचा आवाज येतो, दाताखाली वाळू यावी तसा. जवळ आले की तो आवाज कमी कमी होतो, ब्रेक चिरकतात, बुटांच्या टाचा खटखट जमिनीला लागतात. इथं सगळे उतरतात. सायकल हातात धरून पुढं चालतात. पूर्वी उतरत नसत. आता उतरतात. त्याचं कारण सांगायलाच मी बसलोय, पण माझं बोलणं सरळ चालत नाही, कालव्यासारखं वळणं घेतं, तेवढं चालवून घ्या.

आम्ही मूळचे आष्टीकडचे. तिकडं पाणी नाही, म्हणून इकडं आलो. आलो तो वाघोलीच्या दगडखाणीत. तेव्हा वाघोली म्हणजे खाण, क्रशर, पांढरी धूळ आणि बाभळी. कॉलेज नव्हतं, बंगले नव्हते. मी चौथी शिकलेला, मला हातात पहार दिली. डोंगराला भोक पाडायचं, सुरुंग भरायचा, पळायचं, कान दाबायचे. डोंगर आतून खोकल्यासारखा आवाज करायचा आणि मग त्याचं पोट फुटायचं. धोंडे वर जायचे, वरच थांबल्यासारखे व्हायचे आणि मग खाली यायचे, ते कुणाचा कोण बघत नसत. माझ्या शेजारी विडी ओढणारा माणूस विडी संपायच्या आत गेलेला मी बघितलाय. विडी पेटलेली होती. तिथून पुढं माझा डावा कान गेला तो गेलाच. त्या कानात अजून पाणी सोडल्यासारखा आवाज येतो.

म्हणून सोजर कॅरेजवर बसताना तोंड उजवीकडं ठेवायची. उजव्या कानाशी बोलायचं म्हणून. बायका डाव्या बाजूला पाय सोडून बसतात, ही उलटी बसायची. रस्त्यानं लोक बघायचे. ती म्हणायची, "बघू द्या. त्यांचा नवरा ऐकतोय, म्हणून त्यांना नीट बसता येतं."

खाणीला सुट्टी अमावस्येची. त्या दिवशी सुरुंग लावत नाहीत. त्या सुट्टीला आम्ही खाणीवरून मांजरीकडं नदी ओलांडून कालव्याला यायचो. पुढं माझी छाती धुळीनं भरली, खाण सुटली आणि आम्ही कालव्याच्या कडेलाच खोली बांधून राहिलो. सोजर बांधावरून मेथी, शेपू, चाकवत गोळा करायची. पहाटे सायकलच्या हँडलला जुड्या, कॅरेजला जुड्या, आणि दोघं पायी सायकल ढकलत कालव्याच्या कडेनं स्वारगेटला, तिथून मंडईत. येताना सायकल रिकामी, म्हणून ती बसायची. मी पायडल मारायचो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्ये ही वाट. उसाला तुरा आलेला असला की वारं आलं म्हणजे सगळं रान दात खाल्ल्यासारखं वाजायचं. ती मागून माझ्या कानात मंडईतल्या भांडणांची नक्कल करायची. कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणाचा तराजू फेकला. अशी हुबेहूब शिवी द्यायची की एकदा मी हसताना तोल जाऊन आम्ही दोघं उसात पडलो. उसाच्या पात्यांनी तोंड चिरलं. तोंडावर रक्त, आणि ती पडल्यापडल्या हसतेय. हा माझ्या आयुष्यातला सुखाचा दिवस. रक्तासकट.

आता आसरांचं सांगतो. कालवा जिथं वळतो, तिथं मोरी आहे आणि मोरीशेजारी उंबर. उंबराच्या बुडाशी सात दगड, शेंदूर फासलेले. साती आसरा. पाण्याच्या देवता. जिथं पाणी खोल, तिथं त्या असतात, असं आमच्याकडं मानतात. त्यांच्यासमोरून चाकावर बसून जायचं नाही. खाली उतरायचं, चालत पुढं जायचं, मग परत बसायचं. बैलगाडी असायची तेव्हा माणसं गाडीतून उतरायची. सायकल आली तर सायकलवरून. सोजर कधी चुकली नाही. पाठीत दोन बोटं खुपसली की मी सायकल हळू करायचो, ती टुणकन उतरायची. मी उतरायचो नाही. मी पुढं जाऊन मोरीपलीकडं थांबायचो. मी म्हणायचो, "मी दिवसभर दगडच फोडतो. मला कुठल्या दगडानं काय केलं?" ती म्हणायची, "तुम्ही फोडता ते मुके. हे बघत्यात."

"काय बघतात?"

"कोण उतरतंय आणि कोण माजलंय ते."

मग ती हळूहळू चालत यायची. त्या दगडांसमोर तिची चाल बदलायची. घरात ती धाडधाड चालणारी बाई, भांडी आपटणारी, दार लाथेनं लोटणारी. तिथं पाऊल असं टाकायची, जसं आत कुणी झोपलंय. मला तेवढंच बघायला मिळावं म्हणून मी उतरत नव्हतो, पुढं जाऊन वळून थांबायचो. हे तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाडधाड चालली असती.

पुढं गावंच्या गावं उलटीपालटी झाली. कंपन्या आल्या. काचेच्या इमारती आल्या. इथल्या जमिनीला असा भाव आला की भाऊ भावाला ओळखीनासा झाला. आमच्या खोलीसमोर दोघा सख्ख्या भावांचं रान होतं. वीतभर बांधावरून एकानं दुसऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं. फावड्याचा आवाज कसा येतो, तर कलिंगड फोडल्यासारखा. ज्याला लागलं तो बांधावर बसून राहिला, डोळ्यांत रक्त उतरत होतं आणि तो हातानं बांध चाचपत होता, जागेवर आहे का बघत होता. पुढं दोघांनी एकाच दिवशी रान विकलं, एकाच गाडीतून घरी आले. आता तिथं टॉवर आहे. त्याचं नाव इंग्रजी आहे, त्याचा अर्थ म्हणे हिरवी शांतता.

पाण्याचंही तसंच. आवर्तन आलं की ज्याच्या त्याच्या मोटारी कालव्यात. चोरून पाइप टाकायचे. खात्याची माणसं कुऱ्हाडी घेऊन यायची आणि पाइप तोडायची. पाइप तुटला की साप मारल्यासारखा उड्या मारतो, पाणी उडवतो. मग काठ्या. मग दगड. मी ह्या उंबराखाली बसून माणसांची डोकी फुटताना बघितली आणि आमची सोजर दगडांवर हळद वाहत असायची.

आणि मग डंपर. मोठ्या रस्त्यावर दिवसा डंपरला बंदी, पोलीस अडवतात. म्हणून ते कालव्याच्या वाटेवर आले. वाघोलीची खडी घेऊन यायचे, टॉवर जिथं उभे राहत होते तिथं ओतायचे. ही वाट बैलगाडीची, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या सायकलची, शेळ्यांची. त्यावर दहा चाकांचा राक्षस. समोरून आला की माणसानं एकतर उसात उडी मारायची, नाहीतर कालव्यात. ऊस गेला तेव्हा फक्त कालवा उरला. रस्त्याची धूळ अशी झाली की पाय घोट्यापर्यंत आत. कुत्री मेली. एका धनगराच्या बाईची गाभण शेळी मेली. शेळीच्या पोटातली दोन पिल्लं वाटेवर पडली होती, ओली, आणि हलत होती. त्या बाईनं खाली बसून पिल्लं पदरात घेतली. सोजरनं ते बघितलं. मागून दुसरा डंपर येत होता. सोजरनं वाटेवरचा धोंडा उचलला आणि काचेवर घातला. तिचा नेम मंडईतला. काच एका क्षणात पांढरी झाली आणि खाली आली. चालक आतून ओरडला, "म्हातारे, मरायचंय का?" ती म्हणाली, "उतर खाली. उतर आणि ही पिल्लं बघ. मग इच्यार."

तो उतरला नाही. डंपरवाले कधी उतरतच नसत. वरूनच बोलायचे, वरूनच थुंकायचे.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आला. पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. मला म्हणाला, "बाबा, तुमच्या मंडळींना समजावा. टॉवर व्हायचे तर खडी लागणार. खडी काय विमानानं आणू?"

मी म्हणालो, "आणा की. वर निदान शेळ्या नसतात."

तो हसला. म्हणाला, "थोडी कळ सोसावी लागते. तुमच्या मुलाची नोकरी ह्याच कंपन्यांमुळं आहे." ते खरं होतं. आमचा दत्ता कंपनीची बस चालवतो, हिंजवडीला माणसं नेतो-आणतो. सोजर आतून बाहेर आली. हातात लाटणं होतं. म्हणाली, "भाऊ, चा घेणार का हे घेणार?" तो गेला. चहा न घेता.

त्याच सुमारास सायकलवाले यायला लागले. पहिल्यांदा बोलली ती केतकी. कुठल्यातरी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी पोरगी, चेहरा धुळीनं भरलेला, नुसते दात पांढरे. पंक्चर काढायला आमच्या दारात थांबली होती. सोजर तिच्या सायकलभोवती फिरली, टायर दाबून बघितलं. केतकी म्हणाली, "मावशी, ही ग्रॅव्हल बाईक आहे. खडीवरून, मातीवरून चालवायची."

"खडीवरनं? मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

सोजर माझ्याकडं वळली. "आवं, ऐकलं का? तुम्ही छाती फुटंस्तवर खडी केली, आन् ही लेकरं हौसेनं तुडवाया येत्यात." मग केतकीला, "ह्याला कॅरेज न्हाई?"

"नाही."

"मग मागं कोण बसतं?"

"कुणी नाही, मावशी. एकटीच जाते."

"मग बोलती कुणासंगं?"

केतकी उगीच हसली. सोजरनं तिला पाणी दिलं आणि सांगून टाकलं, "फुडं मोरीपाशी आसरा हायेत. तिथं उतरायचं. चालत जायचं. मग बस." बाकीची पोरं "ओके मावशी" म्हणून भर्रकन गेली. केतकी उतरली. आम्ही दारातून बघितलं. सोजर म्हणाली, "ही पोरगी चांगली निघंल."

मी म्हणालो, "खाली उतरली म्हणून?"

"मग? आणि कशानं कळतं मानसाचं?"

एवढं सगळं मी लांबवतोय, कारण पुढचं सांगायचं आहे. सांगतो.

तेल घातलेल्या त्या सकाळी कालव्याला नवं पाणी आलं होतं. पाण्याचं तोंड निघून गेलं होतं, फेस उरला होता. नवं पाणी आलं की आसरांना तेल-शेंदूर घालायचा, ही तिची रीत. माझं वय झालेलं, तिचं वजन उतरलेलं, त्यामुळं सायकल दोघांना ओढत होती. वाटेवर धूळ. चेन अजिबात वाजत नव्हती. ती माझ्या उजव्या कानाशी म्हणाली, "बघा, कशी गप बसली. गोडेतेल." मोरी आली. दोन बोटं पाठीत. मी हळू केली. ती उतरली. मी पुढं गेलो, थांबलो, वळलो.

ती पिशवी घेऊन चालत होती. ते हळू पाऊल. मागून वळणावरून डंपर आला. वळणावर झाड आहे, चालकाला ती दिसली नाही, की दिसली आणि थांबायची सवय नव्हती, ते मला माहीत नाही. मी ओरडलो. ती वळली ती माझ्याकडं, त्याच्याकडं नाही.

मी अख्खं आयुष्य दगड फुटताना बघितले. माणूस तसा फुटत नाही. आवाजही मोठा येत नाही. डंपर पुढं येऊन उंबराला घासून थांबला, मागचा फाळका उघडला आणि खडी खाली आली. तिच्यावर. मी हातानं खडी उपसली. नखं निघाली, ते मला संध्याकाळी कळलं. तेलाची बाटली सापडली. प्लॅस्टिकची. तिला पोचासुद्धा आला नव्हता.

चालक दुसऱ्या बाजूनं उडी टाकून पळाला होता. टॉवरच्या कामावरची माणसं धावली, त्यांनी त्याला कालव्याच्या कडेला गाठला. मारत मारत माझ्यासमोर आणला. पिकल्या दाढीचा माणूस, घरी नातवंडं असणारा. कुणीतरी माझ्या हातात दांडकं दिलं आणि म्हणालं, "बाबा, मारा." मी दांडकं टाकलं आणि मुठीनं मारलं. तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. त्याचा दात माझ्या बोटात घुसला, खूण अजून आहे. हात दुखेपर्यंत मारलं आणि मला काहीच वाटलं नाही, ना बरं, ना वाईट. खडी फोडल्यासारखं. तो रडत नव्हता. तो रक्त थुंकून एकच म्हणत होता, "बाबा, गाडीवर हुत्या ना त्या? लांबनं मी बघितलं हुतं, दोघं गाडीवर हुते. मधीच उतरल्या कशाला? उतरल्या कशाला वो?"

तिथून तो प्रश्न माझ्यामागं लागला. पोलीस आला, टोपी काढून घाम पुसत म्हणाला, "आजोबा, त्या मध्येच उतरल्या कशाला?" ठेकेदाराचा पांढरा शर्टवाला आला, हात जोडले आणि लांब उभा राहून दुसऱ्याला म्हणाला, चाकावर असत्या तर वाचल्या असत्या, उतरायचं काय नडलं होतं. सरकारी दवाखान्यातून तिला बांधून आणली, दुपार कलल्यावर कालव्याच्या खालच्या अंगाला लाकडं रचली. लाकडं ओली होती, धूर करत होती, पेटायला तयार नव्हती. ती जिवंत असती तर लाकूडवाल्याला शिव्या घातल्या असत्या. दत्ता माझ्याशेजारी उभा होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "आबा, आई उतरली कशाला? त्या दगडांपायी?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. मसणात, सगळ्यांसमोर, चाळिशीतल्या पोराला. लोकांनी मला धरलं. दत्ता गालावर हात ठेवून तसाच उभा राहिला. तो काही वाईट बोलला नव्हता. सगळे विचारत होते तेच त्यानं विचारलं. पण त्या दिवशी सगळी दुनिया मला सांगत होती, की चूक तिची. डंपर बरोबर, खडी बरोबर, टॉवर बरोबर, वळण बरोबर. वाटेवर खाली उतरून हळू चालणारी एक म्हातारी तेवढी चूक.

एकटी केतकी आली होती. सायकलच्या कपड्यांतच. तिनं काही विचारलं नाही. चितेपासून लांब उभी राहिली आणि जाताना सायकल हातात धरून पार वळणापर्यंत चालत गेली.

लोक मला असंही म्हणतात, तुम्ही तिच्यासोबत चालला असता तर? चाललो असतो तर दोघं मेलो असतो. एवढाच फरक. मला तेही चाललं असतं, पण मग पुढचं काम कुणी केलं असतं?

आता उन्हाळ्याचं पाणी सुटलं की माझ्या दोन्ही कानांत आवाज होतो. बऱ्या कानात कालव्याचा, गेलेल्यात खाणीचा. पाणी धडका मारतं, मोरी सोसते. मी बघत बसतो. राग जात नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. म्हातारपणी माणसाला काहीतरी गरम लागतं. सकाळी उठतो, सायकल बाहेर काढतो, चेनला तेल घालतो. गोडेतेलच. धूळ चिकटते, चेन खाते, खाऊ दे. एका हातानं पायडल फिरवायचं आणि दुसऱ्या हातानं तेल सोडायचं, हे एकट्याला नीट जमत नाही. थेंब बाहेर पडतात. पाठीत बोट खुपसल्याशिवाय निघायचं कसं, ते अजून कळलेलं नाही. नुसता उभा राहतो, मग केव्हातरी निघतो.

आता तिला जाळली त्याच्या दुसऱ्या सकाळचं.

घरात सुतक. चूल बंद. दत्ता आणि पाहुणे भिंतीला टेकून बसलेले. मी कोपऱ्यातली पहार उचलली. दत्ता म्हणाला, "आबा, कुठं निघालात? आज बाहेर पडत नाहीत." मी पहार खांद्यावर घेतली. त्याला वाटलं, मी कुणाचं तरी डोकं फोडायला निघालो. माझाही विचार तोच होता. मी डंपरच फोडायला निघालो होतो, पहिला येईल तो, त्यात जो असेल तो. दत्ता मागं मागं आला, पण जवळ आला नाही. आदल्या दिवसाचा गाल अजून सुजलेला होता.

मोरीपाशी खडी तशीच पसरलेली होती. कुणीतरी वर माती टाकली होती. मी वाट बघत उभा राहिलो. कालव्याच्या कडेला, पूर्वी भिंत बांधताना उरलेले काळे धोंडे पडून होते, गवतात अर्धे बुडालेले. माझी नजर त्यांच्यावर गेली. जल्म त्यांच्यात गेला, ते कुठून उचलायचे, कुठं टेकू द्यायचा, हे हातांना विचारावं लागत नाही. मी पहिल्याखाली पहार घातली आणि जोर लावला. छातीत शिट्टी वाजली. धोंडा मातीतून सुटला, खालची ओली माती आणि त्यातले किडे उघडे पडले. तो मी वाटेवर लोटला. मग दुसरा. नखं नसलेल्या बोटांतून रक्त येत होतं, पहार बुळबुळीत होत होती, मी ती मातीत घासून परत धरत होतो. किती धोंडे झाले, मोजले नाहीत. एवढे झाले की ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट बंद. मध्ये आसरांच्या अंगाला एक फट ठेवली. सायकल आणून त्यातून ढकलून बघितली. हँडल बरोबर जात होतं. बसून जाता येत नव्हतं, उतरूनच.

दत्ता म्हणाला, "आबा, जेसीबी आणून घटकेत बाजूला करतील ते."

मला ते माहीत होतं. मी हँडलला अडकवलेली सोजरची पिशवी उघडली. त्यात शेंदराची पुडी होती, तिनंच बांधलेली, आणि ती बाटली. शेंदूर तळहातावर ओतला, त्यावर तेल सोडलं. सुतकात देवाला शिवत नाहीत. दत्ता ओरडला, "आबा, हे बरं नव्हं!" मी म्हणालो, "मी देवाला कुठं शिवतोय? मी दगडाला फासतोय." एका धोंड्याला फासलं, मग पुढच्याला. बोटांचं रक्त त्यात मिसळत होतं, पण रंग तोच, वेगळं दिसत नव्हतं. पुडी संपली तेव्हा वाटेवर आडवी लाल ओळ बसली होती, ओली, चकाकती, उंबराखालच्या सातांची मोठी भावंडं असावीत तशी. माझा विश्वास काल नव्हता आणि आजही नाही. पण ह्या मुलखात शेंदूर लागलेल्या दगडाला कुणी पोकलेन लावत नाही, हे मला ठाऊक आहे.

ऊन वर आलं आणि पहिला डंपर आला. भरलेला. वळणावरून तसाच धडाडत आला, धोंडे दिसले तेव्हा ब्रेक मारला, मागची खडी पुढं आदळली. त्यानं हॉर्न दाबून धरला. मी पहार घेऊन धोंड्यांमागं उभा. हॉर्न थांबला. त्यानं काचेतून मान बाहेर काढली, शिवी तोंडात तयार होती, दिसत होतं. मग त्याची नजर शेंदरावर गेली. त्यानं शिवी गिळली. इंजिन बंद केलं. एकदम कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"बाबा," तो वरूनच म्हणाला, "हे काय आहे इथं?"

मी म्हणालो, "उतरायची जागा आहे."

त्यानं थोडा वेळ माझ्या हातांकडं बघितलं. मग दार उघडलं, चपला आतच काढून ठेवल्या, आणि उतरला.